मूळ गावाचा रकाना

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज तांड्याची बैठक झाली. दौलतसिंग काका आमचे नाईक. त्यांच्या ओट्यावर तांड्यात असलेले पुरुष बसले होते आणि त्यांनी मला मध्ये बोलावलं. मी आजवर अशी मध्ये बसले नव्हते. पाय कसे दुमडावे हेच कळेना.

आमचा भोजू नाईक तांडा खालच्या गावातून वेगळा करून स्वतंत्र गाव करायचा प्रस्ताव जाणार आहे. नाव भोजूनगर, पंचायत स्वतःची. रस्ता असो, नळ असो, आजपर्यंत जे आलं ते खालच्या गावात आलं आणि तिथंच संपलं. प्रस्तावाला यादी लागते. घर न् घर, माणूस न् माणूस. काका म्हणाले, बी.ए. झालेलं माणूस तांड्यात एकच आहे, तेव्हा रुचिकानंच लिहावं. बा खाली बघून हसत होता. तो असा हसला की समजायचं, छाती फुगली आहे.

घरी आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतो, आईला याडी म्हणतो. ही डायरी मी मराठीत लिहिते, कारण लिहायला मी मराठीतच शिकले. पण घरातलं बोलणं मराठीत उतरवायला घेतलं की ते वऱ्हाडी होतं. पुस्तकातलं काही होत नाही. असू दे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काकांनी दिलेल्या नमुन्यात नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं, व्यवसाय एवढेच रकाने होते. बायकांच्या पुढं नुसतं पत्नी, सून, आई. मला ते बघवलं नाही. प्रत्येक बाईला स्वतःचं असं काहीतरी कागदावर असायला हवं. मी पट्टीनं रेघ मारून आणखी एक रकाना वाढवला: मूळ गाव.

सुरुवात आमच्या घरापासून केली. मोहनसिंग राठोड, शेती, येथील. बादल, मुलगा, पुण्यात बांधकामावर, येथील. रुखमाबाई, मूळ गाव जऊळका. जऊळक्याला स्टेशनाजवळ मामाचं घर आहे, म्हणून ते विचारायची गरज पडली नाही. शेवटी मी. रुचिका, बी.ए., येथील. पहिलं पान सुंदर दिसतंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बायका विचित्र उत्तरं देतात. शीलाकाकीला इथं येऊन एकवीस वर्षं झाली, तिच्या पोराला मिशा फुटल्या. मी विचारलं, काकी, तुम्ही कुठल्या? ती म्हणाली, मानोऱ्याकडची. मी म्हटलं, आता? तर म्हणाली, "आता काय वं. आता नांदून राह्यली."

सगळ्यांचं असंच. कुणी पुसदची, कुणी दिग्रसची. पुरुष सगळे इथले, पण बरेचसे दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेले, होळीपर्यंत यायचे नाहीत. म्हणजे जे इथले आहेत ते इथं नाहीत, आणि ज्या इथं आहेत त्या इथल्या नाहीत. धम्मदीपाला फोन करून सांगितलं. ती माझी कॉलेजची मैत्रीण, आसेगावला राहते. ती म्हणाली, यावर प्रबंध लिही. मी गंभीरपणे विचार करते आहे.

२ मार्च, रविवार

रुपादादीनं अट घातली. दादी तांड्यात सगळ्यात म्हातारी, फेटिया-कांचळी हा जुना पेहराव अजून रोज घालणारी. ती म्हणाली, नाव-गाव सांगते, पण तू दुपारी येऊन माझ्याकडून ढावलो ऐकायचे. लग्नात नवरी माणसांच्या गळ्यात पडून जे रडत गाते, ते ढावलो. आता कुणाला येत नाहीत. मुली नुसत्या हुंदके देतात आणि गाडीत बसतात.

मला तर आयतंच मिळालं. लोकसाहित्याचा खजिनाच. वेगळी वही केली. दादी नुसतं सांगत नाही. समोरच्याच्या खांद्यावर हात कसा टाकायचा, बापाच्या गळ्यात पडताना आवाज कुठून काढायचा, भावाच्या वेळी काय म्हणायचं, सगळं करून दाखवते आणि माझ्याकडून करवून घेते. मी म्हटलं, दादी, मी फक्त लिहून घेते. ती म्हणाली, "लिवून काय व्हते? गयातून येऊ दे."

शेजारच्या बायका बघायला जमतात. माझा आवाज फाटला की फार हसतात. याडी दारातून बघते आणि आत जाते.

१६ मार्च, रविवार

होळी झाली, ऊसतोडीची माणसं परतली, यादी भरभर पुढं सरकते आहे.

आज कामरगावाकडून पाहुणे आले होते. तिकडच्या एका तांड्याचाही असाच प्रस्ताव आहे, बा म्हणाला. एक वयस्क गृहस्थ, त्यांच्या घरच्या बाई आणि एक पुतण्या. यादीची पद्धत समजून घ्यायला आले असणार. मी सगळे रकाने समजावून सांगितले. गृहस्थांनी मला एक पान मोठ्यानं वाचायला लावलं. बाईंनी मी दिवसातून किती चालते, उन्हाचा त्रास होतो का, असं आपुलकीनं विचारलं. त्या माझ्या पायांकडे फार बघत होत्या. चप्पल जुनी आहे, मलाच लाज वाटली. मूळ गावाचा रकाना त्यांना आवडला. "लई हुशार हाये," असं त्या याडीला म्हणाल्या. आपल्या कामाची दखल दुसऱ्या तालुक्यात घेतली जाते याचं समाधान वाटलं.

पुतण्या आश्रमशाळेत शिकवतो म्हणे. जाताना त्यानं विचारलं, हे काम झाल्यावर पुढं काय करणार? मी म्हटलं, एम.ए. आणि इथलीच ग्रामपंचायत. तो हसला. माणूस बरा वाटला.

६ एप्रिल, रविवार

आज आसेगावला यादीच्या झेरॉक्स काढायला गेले होते. धम्मदीपा बरोबर होती. तिला ढावलोची वही दाखवली. तिनं चार पानं चाळली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"रुचिका, ह्या बाया तुले सांगून नाई राह्यल्या. शिकवून राह्यल्या."

मी म्हटलं, काय?

"तुहं लगन ठरलं."

मी तिच्यावर चिडले. आपल्याकडे कुणी अभ्यासानं काही करायला घेतलं की लोकांना त्यात लग्नच दिसतं, असं बरंच बोलले. मग येताना जीपमध्ये मला कामरगावच्या बाईंची नजर आठवली. चप्पल तेवढी जुनी नव्हती.

घरी येऊन याडीला विचारलं. ती म्हणाली, "बा सांगन." बाला विचारलं. त्यानं सांगितलं. मुलाचं नाव धनराज, शब्द दिला आहे, अठरा मे तारीख.

मी म्हटलं, मला विचारलं नाहीत.

"इचारणार व्हतो. पण तू कामात व्हती."

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच असं वाटत होतं की नाईकांच्या कामात असलेल्या माणसाला अशा गोष्टीसाठी थांबवू नये.

७ एप्रिल, सोमवार

मला नाही म्हणायचं आहे का? तेच कळत नाही. तो मुलगा वाईट नाही. पुढं काय करणार असं मला विचारणारा तो पहिला माणूस. उत्तर त्याला माहीत होतं, म्हणून राग येतो. एम.ए. करू देतील, बा म्हणतो. ग्रामपंचायतीचं विचारलं तर म्हणतो, तिकडंही पंचायत आहेच की.

पण मी घरोघर जाऊन सांगितलं आहे की हे आपलं गाव होणार. 'आपलं' म्हणताना मी स्वतःला धरत होते. शीलाकाकीनं तेव्हा माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. मला वाटलं कौतुकानं.

रुपादादीकडे आज गेले नाही. तिनं निरोप पाठवला, भावाचा ढावलो राहिला आहे.

१४ एप्रिल, सोमवार

यादी पक्की करायच्या आधी प्रत्येकाला त्याची ओळ वाचून दाखवायची असं मी ठरवलं आहे. आज आमचं घर घेतलं. याडी ज्वारी निवडत होती. मी वाचलं: रुखमाबाई मोहनसिंग राठोड, वय पंचेचाळीस, शेतमजुरी, मूळ गाव जऊळका.

"जऊळका नोय."

मला वाटलं, तिनं नीट ऐकलं नाही. परत वाचलं.

"जऊळका माह्या भावाचं. माहं थावरा नाईक तांडा."

हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बावीस वर्षं मी या बाईच्या हातचं खाते आहे.

ती हात न थांबवता सांगत होती. ती बारा वर्षांची असताना तिचा तांडा तलावात गेला. सरकारनं तलाव केला आणि पाणी वर वर येत गेलं. माणसांनी छपरं काढली, बल्ल्या काढल्या, दारंसुद्धा चौकटीसकट उपटून नेली. कुणी इकडं गेलं, कुणी तिकडं. तिचा बाप पाच-सहा वर्षं फिरत राहिला आणि मग जऊळक्याला टेकला. मामाच्या गोठ्याला जे निळं दार आहे, ते त्यांच्या घराचं. त्या दारावर लटकून मी लहानपणी झोके घेतले आहेत.

मी विचारलं, तू कधी सांगितलं का नाहीस?

"तू कवा इचारलं?"

मी तिथल्या तिथं जऊळक्यावर रेघ मारली, वर थावरा नाईक तांडा लिहिलं आणि बाजूला सही केली. याडीनं ती अक्षरं जवळ घेऊन पाहिली. तिला वाचता येत नाही. कुठलं आहे ते विचारलं, मी बोट ठेवून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "एवढंसं व्हते व्हय."

आज वाटतंय, हा रकाना मी वाढवला ते याच्यासाठीच.

२० एप्रिल, रविवार

दौलतसिंग काका माझ्यावर पहिल्यांदा रागावले. यादी उद्या पंचायत समितीत द्यायची आहे. ओट्यावर बसून त्यांनी ती कुणाकडून तरी वाचून घेतली होती.

"हे काहून लिवलं? अर्धा तांडा भायेरचा दिसून राह्यला. खालचा उकंडराव हेच धरन."

उकंडराव खालच्या गावचे सरपंच. तांडा वेगळा झाला तर त्यांचा निधी निम्मा होईल. काका म्हणाले, सगळ्या बायांपुढं येथील लिहून टाक. मी म्हटलं, खोटं लिहिणार नाही. एवढ्या माणसांत मी नाईकांना नाही म्हटलं. बा उठून बाहेर गेला.

मग मी चार घरी जाऊन विचारलंसुद्धा, येथील लिहू का? शीलाकाकी म्हणाली, तिच्या भावानं ऐकलं तर राखीला यायचा नाही. रुपादादीनं मलाच विचारलं, "तू महिन्यानं जाशील. तिथं दुसऱ्या दिशी इचारलं तं तू तिथची म्हनशील?"

यादी मी आहे तशीच दिली. काकांनी ती माझ्याकडे न बघता घेतली.

२९ एप्रिल, मंगळवार

परवा एक मे, ग्रामसभा. घरात बांगड्या, ब्लाऊज पीस, पाहुण्यांच्या याद्या. त्या याद्याही मीच लिहिते, अक्षर चांगलं म्हणून. स्वतःच्या लग्नाच्या पाहुण्यांची नावं लिहिताना मी मूळ गावासाठी जागा सोडते असं लक्षात आलं. बादलला फोन केला. तो म्हणाला, पुण्यात मला सगळे वाशिमवाला म्हणतात, तांडा म्हणून कुणाला सांगायचं? भोजूनगर झालं तर बरं, सांगायला सोपं. मी रडले. त्याला वाटलं लग्नाचं रडते.

१ मे, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते, कारण मला अजून नीट समजलेलं नाही.

सभा खालच्या गावच्या शाळेत होती. विस्तार अधिकारी आले होते. आमचा तांडा सगळा आलेला. बायका मागे भिंतीला धरून बसल्या, याडी त्यांच्यात. काकांनी प्रस्ताव मांडला, मी यादीची माहिती दिली. आवाज कापला नाही.

मग उकंडराव उठले. त्यांच्या हातात यादीची प्रत होती. बायका बाहेरच्या आहेत याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या गावातल्याही सुना बाहेरच्याच, ते कसं बोलतील? त्यांनी एकच ओळ काढली. खाडाखोड झालेली तेवढी एकच होती.

"थावरा नाईक तांडा. कोनत्या तालुक्यात हाये हे? मी तं इचारून आलो. तलाठी म्हनते नाई, तहसीलात नाई, नकाशात नाई. नसलेल्या गावाची बाई लिवली हाये ह्याईनं. अजून किती असन अशा?"

मी उभी राहिले. तो तांडा तलावात गेला, असं सांगितलं. लोक हसले. उकंडराव म्हणाले, मग मासोळी लिव. आणखी हसले.

अधिकारी चांगले होते. ते म्हणाले, नोंद पडताळता आली पाहिजे. एक जरी नोंद पडताळता आली नाही, तरी आक्षेप ग्राह्य धरून सगळी यादी फेरतपासणीला परत जाईल. पुढची सभा केव्हा लागेल ते सांगता येत नाही. दुरुस्ती करायची असेल तर ज्या व्यक्तीची नोंद आहे तिनं आत्ता सभेत उठून सांगावं. त्यांनी कागद पाहिला आणि सुचवलंसुद्धा, आधी जऊळका लिहिलेलं दिसतंय, तेच ठेवायचं का?

दौलतसिंग काका माझ्याकडे बघत होते. बासुद्धा. मी एक शब्द बोलले असते, चूक झाली म्हणून, तर बहुतेक चाललं असतं. तांड्याचं गाव व्हावं म्हणून मी अडीच महिने उन्हात फिरले आणि त्या क्षणी मला वाटलं, नको होऊ दे. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

मागं बांगड्या वाजल्या. याडी उठली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला. ती कधी सभेत बोललेली नाही, चारचौघांत बासमोरही बोलत नाही. तिनं मराठीत सांगितलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

"लिवा. मी इथची."

अधिकाऱ्यांनी विचारलं, म्हणजे जऊळका?

"नाई. इथची. भोजूनगरची."

भोजूनगर अजून झालेलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी 'येथील' असं लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला. उकंडराव बसले. ठराव हात वर करून मंजूर झाला. काकांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. कुणीतरी गुलाल आणला होता.

२ मे, शुक्रवार

काल सभेहून येताना मी याडीबरोबर चालले. बाकीचे पुढं वाजवत गेले होते. मी तिला म्हटलं, तू असं का सांगितलंस? मी ते लिहिलं होतं, सही केली होती. निदान जऊळका तरी म्हणायचं होतं, ते खोटं कमी होतं.

ती म्हणाली, "मले कोनी इचारलं, तू कुठची, तं मी सांगतो. पन आयकनारा म्हनते, कुठं हाये? मंग मले दाखवता येत नाई. तुले इचारतीन तवा तुले दाखवता आलं पाह्यजे."

मी म्हटलं, पण मी तर जाणारच आहे.

"म्हनूनच तं."

बास. पुढं ती लग्नाच्या साड्यांचं बोलायला लागली.

मला राग आला होता आणि कुणावर ते सापडत नव्हतं. एखाद्या गावाची होण्यासाठी ते सोडून जावं लागतं का? तसं असेल तर बादलही पुण्यात जाऊनच इथला झाला असेल. मला काही कळत नाही.

४ मे, रविवार

उद्या सकाळी यादीची स्वच्छ प्रत द्यायची आहे, खाडाखोड नसलेली. काल दुपारपासून लिहिते आहे. बोटं शाईनं निळी झाली. शीलाकाकी आली होती, म्हणाली, नवरीचे हात मेंदीनं रंगतात, हिचे बघा.

मधे रुपादादीकडे जाऊन आले. बोलावलं नव्हतं, मीच गेले. भावाचा ढावलो पूर्ण केला. बापाचाही परत म्हटला. आईचा तिनं सुरू केला तेव्हा मी म्हटलं, तो नको. दादी हसली नाही. तो शेवटी, म्हणाली.

आमचं घर पहिल्या पानावरचं, पण ते मी शेवटी ठेवलं होतं; संध्याकाळी ते घेतलं. मोहनसिंग, येथील. बादल, येथील. मग याडीची ओळ. ती चुलीपुढं होती. भाकरीवर पाणी फिरवता फिरवता तिनं विचारलं, लिहिलं का? मी म्हटलं, लिहिते आहे. मनात आलं, हळूच थावरा नाईक तांडा लिहून द्यावं. एवढ्या ओळींत कोण बघणार? उकंडराव बघतील. आणि याडीनं भर सभेत जे दिलं ते मी चोरून परत केल्यासारखं होईल. ते तिनं मला परत करायला दिलेलं नाही.

लिहिलं. रुखमाबाई मोहनसिंग राठोड, येथील. अक्षर चांगलं आलं.

त्याच्याखाली माझी ओळ. रुचिका, येथील. ती खरी आहे, अजून चौदा दिवस.

शेवटच्या पानावर छापील वाक्य असतं: वरील सर्व माहिती खरी असून ती मी स्वतः घरोघरी फिरून गोळा केली आहे. खाली गणना करणाऱ्याची सही. घरोघरी फिरले ते खरं आहे. मी पेन धरून बसले. काकांना खोटं लिहिणार नाही म्हणून सांगितलं होतं आणि तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

याडीनं भाकर ताटात वाढली आणि सही कुठं करतात ते बघायला जवळ येऊन बसली. मी तिच्यासमोर सही केली.